सर्वसाधारणपणे, परंतु

महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. हे नाव एका दमात म्हणून बघा. ‘आणि’पाशी श्वास घ्यावाच लागतो, आणि नेमका तिथेच हा कायदा दुभंगतो. बेलापूरच्या कोकण भवनात टेबलाच्या आत बसलेला माणूस याला ‘बदली कायदा’ म्हणतो. टेबलाच्या बाहेर, अर्जाची पोच हातात धरून उभा असलेला माणूस याच कायद्याला ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतो. दोघांना आपापला अर्धा भाग जवळजवळ पाठ असतो. दुसरा अर्धा भाग त्याच पुस्तिकेत आहे, हे सांगितलं की दोघंही सारखंच चमकतात.

मला विधेयकं वाचायची खोड आहे. फेब्रुवारी-मार्चचं अर्थसंकल्पी अधिवेशन, पावसाळी अधिवेशन आणि डिसेंबरचं नागपूर, अशी वर्षाची तीन पिकं. लोकांना बातमी पुरते, ‘विधेयक मंजूर’ एवढी. मला मूळ कागद लागतो. आणि तो मी मागून वाचतो. विधेयकाच्या शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. कलमांमध्ये सरकार आज्ञा देतं, निवेदनात मात्र ते समजावून सांगतं, त्यामुळे भाषा जरा सैल होते आणि मनातलं निसटतं. सुधारणा विधेयक असेल तर मूळ कायद्यातला उताराही मागे जोडलेला असतो. तो न वाचता ‘अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल’ हे वाक्य वाचणं म्हणजे कुलपाशिवाय किल्ली बघणं. एक शब्द गळला की कोणाची तरी वर्षं इकडची तिकडे होतात, आणि गळलेला शब्द नव्या कागदावर दिसत नाही. तो जुन्या कागदावर शोधावा लागतो.

इतक्या वर्षांच्या वाचनात मला सर्वांत रसाळ वाटलेला कायदा हाच, दोन नावांचा. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात, तशी त्याची बांधणी आहे. पूर्वरंग बदल्यांचा, उत्तररंग दिरंगाईचा. माहितीच्या अधिकाराबरोबरच बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा व्हावा, ही अण्णा हजारे यांच्या आंदोलनाची मागणी होती. आधी अध्यादेश आला, मग विधेयक. २००६ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २१ म्हणून तो छापला गेला आणि १ जुलै २००६ पासून लागू झाला. नावात २००५, क्रमांकात २००६. विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याला स्वतःच्या कपाळी एवढं मिरवावंच लागलं.

पूर्वरंग घेऊ. कलम ३ सांगतं की अखिल भारतीय सेवेतले अधिकारी आणि राज्याचे अ, ब, क गटांतले कर्मचारी यांचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. कलम ४ सांगतं की तो पूर्ण झाल्याशिवाय बदली सर्वसाधारणपणे होणार नाही, आणि बदल्या सर्वसाधारणपणे वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात होतील. जानेवारीत याद्या करायच्या, म्हणजे उन्हाळ्यात धांदल नको. यामागे घरातली जाण आहे. एप्रिल-मे म्हणजे मुलांच्या परीक्षा संपलेल्या, नवी शाळा सुरू व्हायची बाकी, टेम्पो भाड्याने घेऊन गॅसची टाकी आणि गाद्या हलवायच्या तर याच दिवसांत. कायद्यात शाळा हा शब्द कुठेही नाही, पण त्या दोन महिन्यांच्या पोटात तो आहे.

आणि आता ‘सर्वसाधारणपणे’. या एका शब्दावर मी तासभर बोलू शकतो. बोललोही आहे. एका मे महिन्यात बेलापूर स्टेशनच्या चहावाल्यापाशी एक ओळखीचे लिपिक भेटले. दीडच वर्ष झालेलं, आणि हातात आदेश रत्नागिरीचा. म्हणाले, “दादा, तुम्हीच म्हणाला होतात ना, तीन वर्षं हात लावत नाहीत म्हणून?”

“सर्वसाधारणपणे, असं म्हणालो होतो.”

“मग मी असाधारण कधीपासून झालो?”

उत्तर कलम ४ मध्येच आहे. पोट-कलम (४) ला परंतुक आहे, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी पुस्ती. सेवानिवृत्ती, पदोन्नती, राजीनामा वगैरेंमुळे जागा रिकामी झाली तर वर्षात कधीही बदली करता येते. अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारणं असतील तरी करता येते, पण कारणं लेखी नमूद करून आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन. पोट-कलम (५) तर याहून पुढचं. विशेष प्रकरणी, पुन्हा कारणं लेखी आणि पुन्हा वरच्याची मान्यता, की तीन वर्षं भरण्याआधीही हलवता येतं. पहिल्याला कचेरीच्या बोलीत मध्यावधी बदली म्हणतात, दुसऱ्याला मुदतपूर्व. आमच्या लिपिकांच्या आदेशात दोन्ही पोट-कलमांचे आकडे कंसात होते. कारण विचाराल तर ‘प्रशासकीय’.

पण घाईने वाचणारा इथे चुकतो. त्याला वाटतं, कायद्याने पुढच्या दाराने दिलं आणि मागच्या दाराने नेलं. नीट बघा, मागच्या दाराला उंबरठा ठेवलाय. त्या उंबरठ्याचं नाव ‘लेखी’. तोंडी सांगून, चिठ्ठी पाठवून, फोन करून बदली होत असे, तिथे कायदा म्हणतो की कारण कागदावर उतरव. आणि कागद उतरला की तो कोणाला तरी वाचता येतो. ८ जुलै १९९१ पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘मॅट’मध्ये, बदलीची प्रकरणं बहुधा याच शब्दापाशी अडतात. कारण लिहिलंय का? लिहिलं असेल तर ते कारण आहे की नुसता ‘प्रशासकीय’ हा शब्द आहे? मी त्या लिपिकांना एवढंच सांगितलं, नस्ती, म्हणजे बदलीची फाईल, मागा.

कलम ३ चं पोट-कलम (२) मात्र मला कायम थांबवतं. ड गटातल्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे शिपाई, पहारेकरी अशा लोकांना, ठरावीक पदावधी लागू नाही. ते आहेत त्या ठिकाणाहून त्यांना बाहेर हलवायचं नाही. त्यांनी स्वतः विनंती केली आणि तिकडे जागा रिकामी असेल, किंवा आपसात अदलाबदल असेल, किंवा गंभीर तक्रार सिद्ध झाली असेल, तरच. वरच्या तीन गटांसाठी परंतुकांची चळत लावणाऱ्या मसुदाकाराला इथे अचानक तुटपुंज्या पगारातलं घरभाडं आठवलं असावं. अधिकारी जिल्हा बदलतो तेव्हा त्याच्यासाठी निवासस्थान शोधलं जातं. शिपाई जिल्हा बदलतो तेव्हा त्याचं घर मोडतं. एवढं समजलेला कायदा कोरडा म्हणवत नाही.

उत्तररंग कलम १० मध्ये रंगतो. त्यात लागोपाठ तीन परंतुकं आहेत आणि ती मोठ्याने वाचावीत अशी आहेत. कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे (आला पुन्हा) सात कामाच्या दिवसांहून अधिक एका कर्मचाऱ्याकडे पडून राहणार नाही. मग लय दुगुन होते, तात्काळ फाईल शक्यतो एका दिवसात किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. मग विलंबित, दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर निर्णय आणि कार्यवाही ४५ दिवसांत, गरज असेल तर तीन महिन्यांत. यातला ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ हा तुकडा मला फार आवडतो. कायद्यात दिवस मोजतात, महिने मोजतात, पण सकाळ? लाल चिठ्ठी लावलेली फाईल संध्याकाळी पाचनंतर टेबलावर येते आणि सहाची पनवेल गाडी पकडायची असते, हे माहीत असलेल्या कोणीतरी ती सकाळ लिहिली आहे.

दोष सांगितला नाही तर रसग्रहण कसलं? उत्तररंगाचा शेवट पडतो. जाणूनबुजून विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई, असं कलम म्हणतं खरं, पण ती करायची त्याच खात्याने, आणि ‘जाणूनबुजून’ हे सिद्ध करायचं कोणी? टेबलाबाहेरच्या माणसाच्या हाती त्यात काहीच येत नाही. दहा वर्षांनी आलेला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ इथे सरस ठरतो. त्यात सेवा अधिसूचित असते, मुदत ठरलेली असते, अपिलं असतात आणि कसूर करणाऱ्याला किमान ५०० ते कमाल ५,००० रुपये शास्ती असते. कारागिरी म्हणून तो अधिक नेटका. पण त्यात ती सकाळ नाही.

सगळीच विधेयकं इतकी सावकाश आस्वाद घेण्याजोगी नसतात. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले आणि त्याच दिवशी विधानसभेत अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक, म्हणजे ‘मेस्मा’, चर्चेविना मंजूर झालं. वाचायला वेळच नव्हता. संप २० मार्चला मिटला, कायदा राहिला.

आणि ज्या गोष्टीसाठी तो संप झाला ती तर विधेयक म्हणून कधी आलीच नव्हती. अंशदान निवृत्तिवेतन योजना आली ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने, लागू झाली दुसऱ्या दिवसापासून, १ नोव्हेंबर २००५ पासून. सभागृहात तीन वाचनं नाहीत, उद्देश व कारणांचं निवेदन नाही. एकाच कचेरीत, एकाच कपाटाच्या दोन बाजूंना बसणारे दोघं त्या एका रात्रीने वेगळे झाले. एकाला निवृत्तीनंतर पेन्शन, दुसऱ्याच्या पगारातून कपात. पुढे २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला, तेव्हा लोकांनी जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं शोधली. म्हणून मी हल्ली विधेयकांइतकेच शासन निर्णय वाचतो. त्यांना अठरा आकडी संगणक संकेतांक असतो, पण रस बहुधा नसतो. परिणाम मात्र जास्त.

हे सगळं मी बेलापुरात बसून वाचतो, यातही एक गंमत आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली, तेव्हा राज्य सरकारने आपली कचेरी इकडे हलवावी हा तिचा एक खांब होता. ते शहर वसवायला १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. सिडको भवन उठलं, कोकण भवन उठलं, मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सात जिल्ह्यांचा कारभार इथून चालू लागला. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटचंच राहिलं. कचेरीच्या बोलीत सांगायचं तर आदेश निघाला, पण कार्यमुक्त कोणी केलं नाही.

त्या लिपिकांनी नस्ती मागितली. ती त्यांना सात दिवसांत मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको. पण मिळाली, आणि तिच्यात कारणाच्या रकान्यात एक ओळ होती. ती ओळ घेऊन ते मॅटमध्ये गेले. मधल्या काळात ते मला कलम १० चं पहिलं परंतुक तोंडपाठ म्हणून दाखवू लागले होते. टेबलाबाहेर उभं राहिल्यावर त्यांना कायद्याचं दुसरं नाव कळलं होतं.

तुम्ही हा कायदा वाचायला घेतलात तर कलम १० वर थांबू नका. पुढचंच कलम ११ आहे. सात दिवस, चार दिवस आणि ती सकाळ कोणकोणत्या फायलींना लागू नाही, याची त्यात यादी आहे. न्यायप्रविष्ट प्रकरणं आहेत, लोकायुक्तांकडची आहेत, केंद्राकडे गेलेली आहेत. आणि त्याच यादीत, विधिविधानासंबंधीची प्रकरणं आहेत.