ट्रायमीटर की सेनारियुस?

प्लॉटसच्या नाटकातल्या संवादाच्या ओळीला कुणी ‘आयॅम्बिक ट्रायमीटर’ म्हटलेलं वाचलंत, तर समासात पेन्सिलीने खूण करा. त्या नावात एक निवाडा दडलाय.

आधी हिशोब बघू. आयॅम्बस म्हणजे एक लघु, मग एक गुरु. लॅटिनमध्ये लघु-गुरु आपल्यासारखेच काळावर ठरतात, इंग्रजीसारखे आघातावर नाही. त्यामुळे मराठी वाचकाला हे सोपं जातं. अशा तुकड्याला लॅटिनमध्ये ‘पेस’, म्हणजे पाऊल म्हणतात. (याला कृपया ‘चरण’ म्हणू नका, आपल्याकडे चरण म्हणजे श्लोकाचा चौथा भाग. ‘गण’ही नको, तो तीन अक्षरांचा.) ग्रीक मोजणीत दोन पावलांचं एक माप, म्हणून सहा पावलांची ओळ तीन मापांची: ट्रायमीटर. रोमन मंडळींनी पावलं सुटी मोजली आणि आपल्या ओळीला नाव दिलं सेनारियुस, सहाची.

मग काय बिघडलं? बिघडतं ते असं. ग्रीक ओळीत आयॅम्बसऐवजी स्पाँडी, म्हणजे दोन गुरु, चालतो तो पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागीच. प्लॉटस आणि टेरेन्स तो दुसऱ्या-चौथ्या जागीही खुशाल घेतात. फक्त शेवटचं पाऊल राखतात. म्हणजे जोडीच मोडली. मग तीन मापं आणायची कुठून?

होरेस मात्र ‘आर्स पोएटिका’त ग्रीक मापच लावतो. एन्नियुसच्या जड ओळी त्याला घाई किंवा अज्ञान वाटतात, आणि प्लॉटसच्या लयीचं कौतुक करणारे पूर्वज भोळे, जवळजवळ मूर्खच. ओळी जड आहेत हे त्याच्या कानाला बरोबर कळलं, पण निकष उसना होता. या ‘सैल’ ओळींनाही शिस्त आहे, शब्द कुठे संपतो याच्याशी बांधलेली. लुक्स आणि मायर यांच्या नावाचे नियम त्याबद्दलच आहेत. ‘ट्रायमीटर’ म्हटलं की ही शिस्त दिसेनाशी होते, उरतात नुसत्या चुका.

आणि ‘जुनं ते सेनारियुस, सुधारलेलं ते ट्रायमीटर’ असंही लिहू नका. इसवी सनाच्या १ल्या शतकात सेनेका शोकांतिकांसाठी ट्रायमीटर घेतो, त्याच शतकात फीड्रस प्राण्यांच्या कथांसाठी सेनारियुस. फीड्रसची एक छोटी कथा घ्या, आणि दुसऱ्या-चौथ्या पावलाखालीच खुणा करत जा. तासाभराचं काम आहे.