पद्मपाणीवरची चकाकी

मागच्या वेळी आपण शैलीविषयी बोललो, त्यानंतर श्रोत्यांकडून एक प्रश्न आला. अजिंठ्याचा पद्मपाणी ॲक्रिलिक रंगांत काढला, तर ते चित्र अभिजात शैलीतलं म्हणायचं का? प्रश्न साधा दिसतो. पण हॉटेलांच्या लॉबीत, दिवाणखान्यांत, हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनांत आज इतके ॲक्रिलिकचे पद्मपाणी दिसतात, की याचं उत्तर टाळून चालणार नाही.

दोन उत्तरं बाजारात तयार आहेत. एक सोवळ्यातलं: ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिक, अभिजात चित्राला दगड-मातीचे रंगच हवेत. हे आम्हाला पटत नाही. अजिंठ्याचे चित्रकार गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी वापरत होते, हे खरं. पण निळ्यासाठी त्यांनी लाजवर्द वापरला, आणि तो इथला दगड नव्हे, लांबून आलेला माल. मिळेल तिथून चांगला रंग आणणारी माणसं होती ती. सोवळं आपलं आहे, त्यांचं नव्हे.

दुसरं उत्तर उदार वाटतं: शैली महत्त्वाची, रंग कुठलाही चालेल. यामागे, म्हणणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, क्रोचे उभा आहे. कलाकृती मनातच पूर्ण होते, रंग आणि दगड हा नंतरचा व्यवहार, असं त्याचं म्हणणं. बोझांकेट याने १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तीन व्याख्यानांत त्याला अडवलं. कलावंत आधी विचार करतो आणि मग तो माध्यमात ओततो असं नाही. तो माध्यमातच विचार करतो. आम्ही या वादात बोझांकेटच्या बाजूचे. का, ते अजिंठ्याच्या भिंतीवरच बघू.

कातळावर तूस आणि धागे मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरस-डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे युरोपात ओल्या चुन्यावर करतात ते फ्रेस्को हे नव्हे. ही टेम्पेराच्या जातीची रंगवणी. कोरड्या भिंतीवर रंग लगेच सुकतो. दुपारी लावलेला गाल संध्याकाळी पुन्हा ओला करून घोळवता येत नाही. म्हणून कामाचा क्रमच वेगळा: आधी तांबडी रेषा, मग रंग भरणं, मग कडेची छाया, नाकाच्या दांड्यावर उजळ पट्टा, आणि शेवटी सगळ्याला बांधून घेणारी गडद रेषा. विष्णुधर्मोत्तरातल्या चित्रसूत्रात छायेला 'वर्तना' म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार सांगितलेत. त्यातला एक पानावरच्या शिरांसारख्या रेषांचा, एक ठिपक्यांचा. रंगात रंग विरघळवण्यापेक्षा रेषेशेजारी रेष ठेवणारी ही छाया आहे. पद्मपाणीच्या अंगावर खिडकीतून आलेला उजेड नाही, मागे पडलेली सावली नाही. ती गोलाई उजेडाची नसून शरीराची आहे.

आता ॲक्रिलिक घ्या. पाण्यात मिसळणारा हा रंग चित्रकारांच्या हाती आला तो गेल्या शतकाच्या पन्नाशीत, अमेरिकेत. पातळ थर काही मिनिटांत वाळतो आणि वाळल्यावर पाण्याने उठत नाही. तैलरंगाची सवय असलेला चित्रकार याला खोड म्हणतो. पण आत्ताच सांगितलेला क्रम आठवा. थरावर थर, रेषेवर रेष, खालचं न विस्कटता. स्वभावाने ॲक्रिलिक अजिंठ्याच्या भिंतीचा चुलतभाऊ आहे. तैलरंग लांबचा पाहुणा.

आणि तरीही होतं काय? रंग वाळू नये म्हणून त्यात रिटार्डर घालायचा, गाल मऊ ब्रशने घोळवायचा, एका बाजूने उजेड टाकायचा, शेवटी वर चकचकीत व्हार्निश. म्हणजे हातात ॲक्रिलिक, मनात तैलरंग. हे कुठून आलं, याचा माग काढता येतो. रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या त्या तैलरंगात, कॅनव्हासवर. बहुतेक १८६६च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी, १८७२ ते १८८५. तेही तैलरंग, त्यातल्याही बऱ्याच लंडनमध्ये १८८५ साली जळाल्या. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण अभिजात म्हणजे तपकिरी, खोल आणि तुकतुकीत, ही आपली समजूत या परंपरेतून आली, आणि खुद्द भिंतींवर मागाहून चढवलेल्या, पिवळ्या पडलेल्या व्हार्निशने ती पक्की केली. आजचा ॲक्रिलिकवाला पद्मपाणीची नक्कल करतोय असं त्याला वाटतं. तो नक्कल करतोय व्हार्निशची.

याच्या उलट लेडी हेरिंगहॅम बघा. १९०९ ते १९११च्या हिवाळ्यांत त्या अजिंठ्याला आल्या; नंदलाल बोस त्यांच्या मदतनिसांत होते. या बाईंनी त्याआधी चेन्नीनीच्या टेम्पेरावरच्या जुन्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं होतं, स्वतः टेम्पेरात रंगवलं होतं. त्यांच्या प्रतिकृतींत रेषा रेषा म्हणून दिसते, हा योगायोग नव्हे.

ॲक्रिलिकची खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. त्याचा थर म्हणजे सलग पापुद्रा. भिंत रंग पिते. पापुद्रा पृष्ठभागावर बसून राहतो. मातीच्या रंगाचा खरखरीत कण त्यात बुडून गुळगुळीत होतो. यावर इलाज आहेत: रंग पिणारा खडूचा अस्तर, मॅट मीडियम, पातळ थर. शिवाय ओला रंग दुधाळ दिसतो आणि वाळला की गडद होतो, त्यामुळे अंगाची छटा ओली असताना ठरवली तर फसगत. आणि हा पापुद्रा उन्हाळ्यात मऊ पडतो. मे महिन्यात दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवलीत, तर ती चिकटतील.

एवढा खल कशासाठी? भिंतीवरचं चित्र झिजतंय, त्याच्यासमोर मंद उजेडात थोडाच वेळ उभं राहता येतं, आणि जुन्या प्रतिकृती दोनदा जळाल्या. पुढच्या पिढीतल्या अनेकांना अजिंठा भेटणार तो अशाच दिवाणखान्यातल्या चित्रांतून. तेव्हा यापुढे असा पद्मपाणी कुठे दिसला, तर त्याच्या डोळ्यांकडे मागाहून बघा. आधी जरा बाजूला होऊन, उजेडाच्या तिरपेने, खांद्याची कड बघा: तिथे रेष आहे, की ती घोळवून पुसली आहे?