गुळगुळीत टायरचं ॲव्हरेज

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आण्णांच्या अल्टोला चारही टायर नवे घातले. निवड माझी होती. पॉलिमरवर पीएच.डी. करतोय म्हटल्यावर घरात रबराच्या कुठल्याही वस्तूबद्दल, अगदी कुकरच्या रिंगेबद्दलसुद्धा, माझं मत विचारलं जातं. मी दोन दिवस बसून तक्ते चाळले, कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर शोधला, आणि आण्णांना नेहमीपेक्षा सेटमागे दीड हजार जास्त मोजायला लावले.

आण्णा पेट्रोलचा हिशेब डायरीत ठेवतात. टाकी फुल ते टाकी फुल, मधले किलोमीटर, भागाकार. जुन्या टायरवर गाडी लिटरला 19.2 देत होती. नव्यावर 18.3.

"तुझ्या संशोधनानं लिटरमागं एक किलोमीटर खाल्ला," आण्णा म्हणाले. इथपर्यंत थट्टाच होती. पण हा आकडा तात्यांपर्यंत, म्हणजे माझ्या चुलत्यांपर्यंत गेला. त्यांच्याकडेही अशीच गाडी आहे आणि तिचे टायर आता गोटा झालेत. ते बदलणार होते. आता म्हणतात, "कशाला बदलायचे? गोटाच बरा, ॲव्हरेज तरी देतोय." आणि हे गृहस्थ आठवड्यातून दोनदा लोणंदहून सालप्याचा घाट चढून-उतरून साताऱ्याला जातात. पावसातही.

म्हणून ही पोस्ट. खरं तर ती तात्यांसाठी आहे, पण तात्या ब्लॉग वाचत नाहीत, तेव्हा तुम्ही वाचा.

आधी एक कबूल करतो. आण्णांची डायरी चुकलेली नाही. भागाकारही बरोबर आहे. गोटा टायर खरंच कमी पेट्रोल खातो. घोळ त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे. आणि हा घोळ होऊ नये म्हणून टायर विकणाऱ्यांपैकी किंवा त्यावर तारे चिकटवणाऱ्यांपैकी कुणी गिऱ्हाइकाला दोन वाक्यं सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

टायर पेट्रोल खातो म्हणजे काय? लांबून कुठून गाडी चालवत आलात की टायरला हात लावून बघा. गरम असतो. ती उष्णता नुसत्या उन्हाची नाही. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग दबतो, सुटला की परत पूर्ववत होतो. दाबताना जेवढी ऊर्जा रबरात गेली तेवढी सुटताना परत मिळत नाही. हातातून सोडलेला चेंडू सोडला तेवढ्या उंचीवर परत येत नाही, तसंच हे. जी परत येत नाही तिची उष्णता होते. आमच्या भाषेत याला हिस्टेरिसिस म्हणतात. ती ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते.

हे मोजायचं माप सोपं आहे: टनामागे किती किलो. एक टन भार सपाट रस्त्यावर नुसता लोळता ठेवायला साधारण दहा किलोंचा ओढा लागत असेल, तर टायरचा आकडा 10. युरोपच्या लेबलवर कारच्या टायरचा आकडा 6.5 किंवा त्याखाली असला तर 'ए' वर्ग मिळतो, 10.6 किंवा त्यावर असला तर शेवटचा 'ई'. माणसांसकट 900 किलोची छोटी गाडी धरली तर टायरसाठी नऊएक किलो ओढा. माझ्या अंदाजी हिशेबानं पन्नासच्या वेगाला हवेचा विरोध सात-आठ किलो येतो, ऐंशीला वीसच्या आसपास. म्हणजे लोणंद-फलटण रस्त्यावर निवांत चाललात तर टायर महत्त्वाचा, हायवेला पाय दाबलात तर हवा महत्त्वाची. घाटात दोन्ही किरकोळ. शंभर मीटरला पाच मीटर चढ असला की याच गाडीला वर ओढायला 45 किलो लागतात. तिथे टायर 'ए' आहे की 'सी', हे शोधून काही हाती लागत नाही.

आता गोटा टायर. दबणारं-सुटणारं रबर सगळ्यात जास्त असतं ते वरच्या नक्षीच्या थरात, आणि निम्म्याहून जास्त नुकसान तिथंच होतं. नक्षी झिजली म्हणजे उष्णता तयार करणारं रबरच कमी झालं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीनं 2006 साली कारच्या टायर आणि इंधनावर एक मोठा अहवाल काढला, त्यात हे नीट मांडलंय. टायर नवा असल्यापासून झिजेपर्यंत त्याचा रोलिंग रेझिस्टन्स साधारण वीस टक्क्यांपर्यंत उतरतो. त्याच अहवालातला दुसरा उपयोगी आकडा: रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्के कमी झाला तर इंधनात एक ते दोन टक्के बचत. दोन्ही एकत्र केले तर नव्या टायरच्या तुलनेत गोटा टायर दोन ते चार टक्के पेट्रोल वाचवतो. हे फुकट, कुठल्याही ताऱ्याशिवाय.

एवढ्यानं आण्णांच्या डायरीतली जवळजवळ पाच टक्क्यांची घट पुरी होत नाही. उरलेली डायरीत घडलेलीच नाही, ती डॅशबोर्डवर घडली. गाडीचा मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. आण्णांच्या गाडीचा टायर 145/80 आर 12 आहे. त्याची नवी त्रिज्या 268 मिलिमीटरच्या आसपास भरते. पाच मिलिमीटर नक्षी गेली की चाक सुमारे दोन टक्क्यांनी लहान होतं. तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात, आणि 100 किलोमीटर गेलेली गाडी मीटरवर 102 दाखवते. गोटा टायरवर आण्णा दर शेकड्याला दोन किलोमीटर न जाताच मोजत होते. नवे टायर बसले आणि ते दोन किलोमीटर हिशेबातून गेले. टाकीतलं पेट्रोल त्याच्यामुळे एक थेंबही जास्त जळलं नाही.

हे आण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे साताऱ्याला मी कधी पूर्ण गेलोच नाही का?"

तर टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडणारच, कुठलाही घ्या. तुलना नव्याची नव्याशी हवी, जुन्या गोट्याशी नाही. नव्याची नव्याशी केली तर माझे दीड हजार वाया गेलेले नाहीत. 10 चा टायर आणि 8.5 चा टायर यांत पंधरा टक्क्यांचा फरक, म्हणजे पेट्रोलमध्ये दीड ते तीन टक्के. टायर 40,000 किलोमीटर चालला आणि गाडी लिटरला 18 देत असली तर एकूण पेट्रोल लागतं सव्वाबावीसशे लिटरच्या आसपास. बचत 33 ते 67 लिटर. पेट्रोल 105 रुपये धरलं तर साडेतीन ते सात हजार. मात्र हे चार वर्षांत सुटे-सुटे मिळतात, डायरीच्या कुठल्याच पानावर दिसत नाहीत. आणि सहा पॉइंट हवा कमी ठेवली तर यातला बराचसा भाग गेलाच म्हणून समजा. (नायट्रोजन भरून घ्या म्हणून मागे लागतात त्यांना सांगा, साध्या हवेत 78 टक्के तोच असतो.)

आता ताऱ्यांकडे वळतो. फ्रीज-एसीवर तारे लावणारी आपली ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी टायरलाही तारे देते. योजना सुरू झाली ती ऐच्छिक म्हणून. तारे ठरतात रोलिंग रेझिस्टन्सवरून. चाचणी प्रयोगशाळेत गुळगुळीत ड्रमवर होते, कारच्या टायरसाठी ताशी 80 किलोमीटर वेगानं, 25 अंशांना, आणि नव्या टायरवर. एका टायरची दुसऱ्याशी तुलना करायला पद्धत चांगली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण फ्रीज आणि टायर या दोन वस्तूंना एकच भाषा लावली, हे मला खटकतं. फ्रीजनं वीज वाचवली म्हणून त्यातलं दूध लवकर नासत नाही. टायरचं तसं नाही. पेट्रोल वाचवणं आणि ओल्या रस्त्यावर थांबणं, ही दोन्ही कामं एकाच रबराच्या एकाच गुणावर चालतात. ब्रेक मारल्यावर रबर रस्त्याच्या बारीक खडबडीवर घासतं आणि ऊर्जा गिळतं, म्हणून गाडी थांबते. म्हणजे पळताना नको असलेला हिस्टेरिसिस थांबताना हवा असतो.

माझ्या लॅबमधलं रोजचं काम या जागी उपयोगी पडतं. पन्नासच्या वेगाला अल्टोचं चाक सेकंदाला आठएक फेरे घेतं, म्हणजे रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला आठ वेळा दबतो. ही संथ हालचाल. ओल्या डांबरावर घसरताना मात्र तेच रबर खडीच्या बारीक कण्यांवरून सेकंदाला हजारो, लाखो वेळा हलतं. म्हणजे संथ हालचालीत ऊर्जा न गिळणारं आणि जलद हालचालीत भरपूर गिळणारं रबर बनवता आलं तर दोन्ही साधतं. आमच्या मशीनवर एवढी जलद हालचाल करता येत नाही, म्हणून आम्ही तापमान बदलतो. रबराला थंड करणं आणि जोरात हलवणं यांचा परिणाम सारखाच होतो. 60 अंशांना मोजलेल्या नुकसानावरून पेट्रोलचा अंदाज येतो, शून्य अंशांजवळ मोजलेल्या नुकसानावरून ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा. मिशेलिननं 1992 साली काजळीऐवजी सिलिका वापरून बाजारात आणलेला टायर याच तत्त्वावर होता. सिलिका रबरात सहज मिसळत नाही, तिला धरून ठेवायला सिलेन नावाचं रसायन लागतं, मिसळण्याची प्रक्रिया नाजूक होते आणि खर्च वाढतो. स्वस्त वाट वेगळी आहे: नक्षीच कमी जाडीची ठेवायची, नाहीतर सरसकट कमी गिळणारं रबर वापरायचं. तारे दोन्ही वाटांनी मिळू शकतात. ताऱ्यांकडे बघून कुठली वाट धरली ते कळत नाही.

ओल्या रस्त्यासाठी नियम नाही असं नाही. पुण्याच्या एआरएआयकडून निघणाऱ्या मानकांतलं एआयएस-142 रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा घालतं. केंद्र सरकारनं जून 2022 मध्ये ते बंधनकारक करण्याची अधिसूचना काढली. नव्या डिझाइनना ते ऑक्टोबर 2022 पासून लागू झालं, आधीच्या डिझाइनना एप्रिल 2023 पासून. पण ही पास-नापासची परीक्षा झाली. काठावर पास कोण आणि डिस्टिंक्शन कुणाला, हे दुकानात समजत नाही. युरोपच्या लेबलवर पेट्रोलच्या अक्षराशेजारीच ओल्या पकडीचं अक्षर असतं, त्यामुळे माणूस दोन्ही बघून ठरवतो. तिथे 2024 पासून नव्या प्रकारच्या कार-टायरना झिजलेल्या अवस्थेतही ओल्या रस्त्यावरची चाचणी द्यावी लागते. तात्यांचा प्रश्न नेमका तिथला आहे, आणि आपले तारे नव्या टायरपाशी थांबतात.

कारण ज्या दिवशी टायर सगळ्यात जास्त ॲव्हरेज देतो, त्याच सुमाराला तो पाणी बाजूला सारायचं बंद करतो. आपल्याकडे कारच्या टायरची कायदेशीर मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. खाचेच्या तळाशी छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. तात्यांच्या पुढच्या दोन्ही टायरवर त्या पट्ट्या मला हाताला लागल्या.

तात्यांना यातलं सगळं सांगायची गरज पडली नाही. मीटर खोटं बोलतो, एवढंच त्यांना पटलं. त्यांचा आधीपासून तसा संशयच होता. गेल्या आठवड्यात त्यांनी टायर घेतले, पण दोनच. दुकानदारानं ते पुढे बसवले, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. बहुतेक जण तसंच करतात. पण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गिरकी घेते आणि आपल्यासारख्याला ती सावरता येत नाही. म्हणून जास्त नक्षीचे टायर मागे हवेत, टायर कंपन्याही हेच सांगतात. रविवारी लोणंदला जातोय. जॅक आण्णांच्या गाडीतला घेईन, तात्यांचा गेल्या दिवाळीपासून सापडत नाहीये.