ग्लेन गूल्ड यांचा मंचत्याग : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक
कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२-१९८२) यांच्याविषयीची चर्चा बहुधा त्यांच्या विक्षिप्तपणातच अडकते. बुटकी खुर्ची, वादन चालू असताना गुणगुणणे, उन्हाळ्यातही अंगावर ओव्हरकोट. १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिस येथील कार्यक्रमानंतर, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, त्यांनी जाहीर वादन कायमचे सोडले. हा निर्णयही त्याच यादीत ढकलला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार कलाविषयक भूमिका म्हणून केला आहे.

भूमिका
सभागृहातील श्रोता रचनेपेक्षा वादकाच्या कसरतीकडे आणि त्याच्या संभाव्य चुकीकडे डोळे लावून बसतो, असा गूल्ड यांचा आक्षेप होता. १९६६ सालच्या 'द प्रॉस्पेक्ट्स ऑफ रेकॉर्डिंग' या निबंधात त्यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू मांडली. बाखच्या ए मायनर फ्यूगची दोन मुद्रणे, एक गंभीर आणि दुसरे उल्हसित, त्यांना स्वतंत्रपणे एकसुरी वाटली. आरंभ व शेवट पहिल्यातून आणि मधला भाग दुसऱ्यातून घेऊन त्यांनी तिसरे, अधिक समर्थ रूप सिद्ध केले. येथे संपादन ही चूक झाकण्याची युक्ती नसून अर्थनिर्णयाची प्रक्रिया ठरते.

बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चे त्यांनी केलेले दोन स्टुडिओ-आविष्कार हीच गोष्ट वेगळ्या रीतीने सांगतात. १९५५ चे मुद्रण सुमारे ३८ मिनिटांचे, तर १९८१ चे सुमारे ५१ मिनिटांचे आहे. हा फरक केवळ विलंबित गतीचा नाही. दुसऱ्या वेळी काही पुनरावृत्तीही घेतल्या आहेत. महत्त्वाचे हे की, त्यात सर्व ३० व्हेरिएशन्स एका समान स्पंदाशी जोडण्याचा प्रयत्न आहे. ज्या मुद्रणाने कीर्ती दिली, तेच त्यांनी अंतिम मानले नाही.

मर्यादा
तथापि दोन प्रश्न उरतात. ज्या मंचाचा त्यांनी त्याग केला, त्यानेच त्यांना स्टुडिओपर्यंत नेले होते. जानेवारी १९५५ मधील न्यूयॉर्कच्या पहिल्या कार्यक्रमानंतर कोलंबिया कंपनीने त्यांना करारबद्ध केले, तर १९५७ च्या सोव्हिएत दौऱ्याने त्यांची कीर्ती युरोपभर पसरली. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. तंत्रज्ञानामुळे श्रोता निर्मितीत सहभागी होईल, ही त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मात्र ध्वनिमुद्रिकेतील संपादित निर्दोषत्वच सभागृहात येणाऱ्या श्रोत्याच्या कानात मापदंड होऊन बसले. चुकीची वाट पाहणारा ज्या श्रोत्यापासून गूल्ड दूर गेले, त्याचाच कान त्यामुळे अधिक कठोर झाला आणि त्याची किंमत मंचावर राहिलेल्या वादकांना मोजावी लागली.

निष्कर्ष
म्हणून गूल्ड यांच्या मंचत्यागाला पलायन म्हणणे अन्यायाचे, आणि मुक्ती म्हणणे अपुरे ठरते. त्यांच्या भूमिकेतील टिकाऊ भाग निर्दोषत्वाचा नसून पुनर्विचाराचा आहे. एकच रचना २६ वर्षांनी पुन्हा हाती घेऊन स्वतःचाच निर्णय बदलण्याची तयारी हा त्यांच्या कारकिर्दीचा खरा वारसा होय.