कागदी नियंत्रणकक्ष आणि मुक्या तबकड्या

यंत्राधीनतेवर टीका करणारी कला बहुधा हस्तकौशल्याचा पक्ष घेते. यंत्राने हिरावलेले माणसाच्या हाताने परत मिळवावे, अशी तिची धारणा असते. जर्मन कलावंत टोमास डेमांड (जन्म १९६४) यांची निर्मिती कागदाची असूनही या धारणेत सामावत नाही. शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या डेमांड यांनी आपल्या अल्पजीवी कागदी रचनांची नोंद राहावी म्हणून प्रथम कॅमेरा वापरला. १९९३पासून हा क्रम उलटला आणि रचना छायाचित्रासाठीच होऊ लागली. प्रसारमाध्यमांतून आलेले एखादे दृश्य निवडावे, कागद व पुठ्ठा यांतून ते मूळ आकारात उभारावे, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मग रचना मोडून टाकावी, अशी ही पद्धती आहे. हाताचे श्रम येथे दोन छायाचित्रांच्या मध्ये येतात व नाहीसे होतात. त्यांची साक्ष उरते ती कॅमेऱ्यापाशीच.

‘कंट्रोल रूम’ (२०११) या कलाकृतीत या पद्धतीचे सामर्थ्य विशेष जाणवते. तिचा विषय फुकुशिमा दाईची अणुवीजकेंद्रातील नियंत्रणकक्ष हा आहे. छताच्या पट्ट्या लोंबत आहेत. खाली बटणे व तबकड्यांनी भरलेले फलक आहेत. प्रथमदर्शनी सारे खरे वाटते. मग ध्यानात येते की, कोठेही अंक नाही, अक्षर नाही. डेमांड आपल्या रचनांतून लेखन जवळजवळ सर्वत्र वगळतात. परंतु येथे त्या वगळण्याला वेगळा अर्थ प्राप्त होतो. नियंत्रणकक्ष ही मुळात एक चिन्हव्यवस्था आहे. अणुभट्टी डोळ्यांना दिसत नाही. ती केवळ ‘वाचली’ जाते. चिन्हे पुसली की उरतो तो नियंत्रणाचा निव्वळ देखावा.

हा अर्थ कलाकृतीवर बाहेरून लादलेला नाही. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीमुळे वीजपुरवठा तुटला, तेव्हा तेथील मापके प्रत्यक्षातच मुकी झाली. कर्मचाऱ्यांनी विजेऱ्यांच्या उजेडात काम केले आणि वाहनांच्या बॅटऱ्या जोडून काही मापके पुन्हा चालू केली. मात्र पहिल्या अणुभट्टीच्या मापकाने दाखवलेली जलपातळी वास्तवाहून अधिक होती. अवलंबनाचे खरे संकट यंत्र बंद पडण्यात जितके असते, त्याहून अधिक ते यंत्र चुकीचे बोलू लागल्यावर त्याला पडताळण्याचे दुसरे साधन नसण्यात असते. डेमांड यांचा प्रेक्षकही त्याच स्थितीत सापडतो. मूळ कक्ष त्याच्या आवाक्याबाहेर आहे, कागदी कक्ष मोडला गेला आहे. त्याला विसंबावे लागते ते छायाचित्रावर. यंत्राधीनता हा कलाकृतीचा विषय न राहता पाहणाऱ्याचा अनुभव होतो.

तथापि या टीकेची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. डेमांड यांच्या छायाचित्रांत माणसे नसतात. ‘ब्यूरो’ (१९९५) या कलाकृतीत पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे विस्कटलेले कार्यालय दिसते. तेथील कोऱ्या कागदांमुळे आणि निर्मनुष्यतेमुळे पाळत ठेवणाऱ्या सत्तेचे अनामिकपण गडद होते. फुकुशिमाच्या बाबतीत मात्र तीच निर्मनुष्यता अपुरी ठरते. व्यवस्थेचे अपयश तीत उमटते. ते अपयश अंधारात उभे राहून ज्यांनी पेलले, त्यांना तीत जागा मिळत नाही. चिन्हांवरील विश्वास ही कला समर्थपणे हादरवते. पण चिन्हे मुकी झाल्यावर माणूस काय करतो, या प्रश्नापाशी तिच्या तबकड्यांप्रमाणे तीही मौन पाळते.