दप्तर, निवड आणि वाङ्मय

जुने कागद इतिहासकाराचे आणि काव्य-कादंबरी समीक्षकाची, अशी वाटणी आपल्याकडे फार दिवस चालत आली आहे. दप्तरांचे छापील खंड इतिहासाच्या कपाटात जातात. वाङ्मयाचा अभ्यासक बखरीपर्यंत येतो आणि पत्रव्यवहाराच्या उंबरठ्यावरून परत फिरतो. ही वाटणी सोयीची खरी, पण तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे. कागदांचा संग्रह हा नुसता कच्चा माल नव्हे. काय जपावे, त्यातले काय छापावे आणि छापलेले कसे वाचावे, हे तिन्ही मूल्यनिर्णय आहेत. आणि मूल्यनिर्णयाची चिकित्सा हे समीक्षेचेच काम आहे.

बंगळुरात राहून मराठीचा विचार करणाऱ्यास याचा प्रत्यय एका ग्रंथाच्या निमित्ताने विशेष येतो. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. ग्रंथ संस्कृत, परंतु त्यात दरबारातील देशभाषांच्या कवितेलाही जागा मिळाली आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली तो संपादून प्रसिद्ध केला आणि त्यास विस्तृत प्रस्तावना जोडली. या प्रस्तावनेचे लक्ष मुख्यतः शहाजीराजांच्या कर्तृत्वावर आणि मराठ्यांच्या पूर्वेतिहासावर आहे. तो राजवाड्यांचा प्रश्न होता आणि त्यांच्या काळास तो निकडीचा होता. पण त्याच ग्रंथात दुसराही एक प्रश्न दडला आहे. कन्नड मुलुखात, संस्कृत चौकटीत, अनेक भाषा एका सभेत बसतात तेव्हा मराठीचे तेथील स्थान कोणते? हा प्रश्न वाङ्मयाचा आहे. तो मागे राहिला याचा दोष राजवाड्यांना देता येत नाही. ज्यांनी तो विचारायचा, ते त्या सभेला गेलेच नाहीत.

राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत प्रसिद्ध केली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. हे काम प्रचंड आहे. त्याच्या उपकाराखालीच आपण सारे लिहितो. तथापि ‘निवडक’ या शब्दावर थांबले पाहिजे. हजारो रुमालांतून निवड करताना मोहिमा, तह आणि कारस्थाने यांना अग्रक्रम मिळाला. सामाजिक कागद अगदीच वगळले गेले असे नाही, पण त्यांचे स्थान दुय्यम राहिले. वतनाचा तंटा, विधवेची अर्जी, गावच्या गोतसभेचा महजर यांतून बोलणारी मराठी त्यामुळे आपल्या वाङ्मयीन जाणिवेत नीटशी शिरलीच नाही.

निवडीनंतरचा टप्पा लिप्यंतराचा. मोडी सलग धावते. शब्दांत अंतर ठेवीत नाही, विरामचिन्हे जाणत नाही, इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ बहुधा पाळीत नाही. तेव्हा बालबोधीत उतरवताना शब्द कोठे तोडावा आणि वाक्य कोठे संपवावे, हे संपादकच ठरवतो. अर्थात पहिला समीक्षक तोच. अनुवादकाची अडचण याच्याही पुढची. ‘बहुत काय लिहिणे’ हा पत्राचा ठराविक समारोप. त्याचा शब्दशः अनुवाद केला तर लिहिणारा कंटाळला आहे असे भासते, आणि गाळला तर पत्रातील अदब जाते. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांतले नाते अशा रूढ शब्दांतच साठलेले असते. मजकूर आणि मायना यांतला हा ताण वाङ्मयीन नाही, असे कोण म्हणेल?

या संदर्भात आयर्लंडचा दाखला उद्बोधक आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनचे सार्वजनिक दप्तरखाने स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. शतकांचे कागद एका दिवसात गेले. पुढे त्या देशाने स्मृतीचा शोध दुसऱ्या दिशेने घेतला. १९३५ साली लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून गोष्टी, उपचार, गावचे प्रसंग वह्यांत उतरवून घेतले. १९४७ ते १९५७ या दशकात स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्यांच्या १,७७३ जबान्या नोंदविण्यात आल्या; त्या मात्र २००३ पर्यंत बंद राहिल्या. जे जळाले त्याच्या प्रती इतर संग्रहांतून शोधून आभासी दप्तर उभारण्याचा उद्योगही २०२२ साली लोकांसमोर आला.

येथे दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात. शाळेच्या वहीत मुलाने लिहिले ते शिक्षकाच्या नजरेखाली. जबानीत लढवय्या बोलला तो तीस वर्षांनंतर. म्हणजे हेही निर्मळ सत्य नव्हे, तीही एक निवडच. पण आयर्लंडने राजकारण आणि चुलीजवळची गोष्ट या दोहोंस संग्रहात जागा दिली. त्यामुळे आयरिश वाचकाला आपल्या लेखकांमागचा बोलता समाज ऐकू येऊ शकतो. आपल्या बाजूस आग लागली नाही. कागद पुण्यात, धुळ्यात, तंजावरात अजून आहेत. आपले नुकसान अधिक शांतपणे होत आहे: कागद आहेत, पण मोडी वाचणारे विरळ होत चालले आहेत. छायाचित्र घेतल्याने कागद टिकतो. तो वाचला जातोच असे नाही.

हिशेबाच्या प्रत्येक चिठ्ठीस काव्य म्हणावे, असा येथे आग्रह नाही. चिठ्ठी चिठ्ठीच राहील. आग्रह इतकाच की, मराठी गद्याचा विचार करणाऱ्याने दप्तराच्या दारापाशी थांबू नये. मराठी गद्याची ताकद कोणत्या गरजांतून घडली, तक्रार, विनवणी, साक्ष आणि हुकूम यांनी तिला कोणती वळणे दिली, हे त्या कागदांखेरीज कळणार नाही. त्यासाठी विद्यापीठांच्या मराठी विभागांत मोडीचे वाचन हे इतिहासाचे उपांग म्हणून नव्हे, तर वाङ्मयाभ्यासाचे अंग म्हणून शिकवले गेले पाहिजे. आणि महाराष्ट्राबाहेरच्या विभागांत ते अधिक अगत्याने शिकवले पाहिजे, कारण तंजावरसारख्या ठिकाणी शेजारची भाषा जाणणाराच त्या कागदांतील मराठी पुरती वाचू शकेल. जयरामाच्या सभेला आपण उशिरा पोचलो. सभा अजून उठलेली नाही.