‘अ फॉर्च्युनेट मॅन’ आणि प्राथमिक वैद्यकाचे अध्यापन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
आधुनिक वैद्यकीय शिक्षण रुग्णालयाभोवती उभे राहिले; परंतु आजारी पडणाऱ्यांपैकी फारच थोडी माणसे रुग्णालयात दाखल होतात. केर व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका महिन्यात १००० प्रौढांपैकी सुमारे ७५० जणांना आजार वा दुखापत जाणवते, २५० जण डॉक्टरांकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे केवळ एकाला पाठविले जाते. वैद्यकाचा विद्यार्थी मात्र प्रामुख्याने त्या एकाला पाहून डॉक्टर होतो. उरलेल्यांविषयीचे ज्ञान कोणी मिळवायचे आणि कोणी शिकवायचे, हा प्रश्न सामान्य वैद्यकव्यवसायाच्या विद्यापीठीय विभागांच्या मुळाशी आहे. एडिंबरो विद्यापीठात रिचर्ड स्कॉट यांनी १९४८ मध्ये असे अध्यापन केंद्र सुरू केले आणि १९६३ मध्ये ते या विषयाचे जगातील पहिले प्राध्यापक झाले.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, जॉन बर्जर यांचा ‘अ फॉर्च्युनेट मॅन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक कलासमीक्षक व कादंबरीकार; तरीही ब्रिटनमधील सामान्य वैद्यकव्यवसायाच्या प्रशिक्षणात हा ग्रंथ पिढ्यानपिढ्या वाचला गेला आणि रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सनेही त्याची आवृत्ती काढली. अध्यापनाच्या दृष्टीने या ग्रंथाचे सामर्थ्य कोणते आणि मर्यादा कोणत्या, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाचे स्वरूप :
बर्जर आणि छायाचित्रकार झां मोर यांनी इंग्लंडमधील फॉरेस्ट ऑफ डीन या भागातील एका डॉक्टरांच्या सहवासात काही आठवडे घालविले. ग्रंथात या डॉक्टरांना जॉन सॅसॉल हे कल्पित नाव दिले आहे. ग्रंथाचा प्रारंभ रुग्णकथांनी होतो. झाडाखाली अडकलेल्या लाकूडतोड्याकडे जाताना डॉक्टर गाडीचा भोंगा सतत वाजवीत राहतात. मदत येत आहे हे त्या माणसाला कळावे, हाही त्यामागील एक हेतू. उपचारापूर्वीच उपचार सुरू होतो, हे तत्त्व येथे एका कृतीतून व्यक्त होते. कोणत्याही क्रमिक पुस्तकाला ते इतक्या थोड्या शब्दांत सांगता आले नसते.

पुढे निवेदनाची जागा चिंतन घेते. तरुणपणी सॅसॉल यांना केवळ तातडीच्या, जिवावरच्या प्रसंगांत रस होता. पुढे फ्रॉइडच्या वाचनातून आणि कठोर आत्मपरीक्षणातून ते रोगाकडून रोग्याकडे वळले. गावातील माणसांच्या सुखदुःखाचे, जन्ममृत्यूचे जणू दप्तर सांभाळणारा माणूस अशी त्यांची प्रतिमा बर्जर उभी करतात. ही प्रतिमा ग्रंथाचे हृदय आहे आणि त्यातील विसंगतीही तिच्यातच दडलेली आहे.

दप्तर कोणाचे? :
हे दप्तर एका व्यक्तीच्या स्मरणात आहे. ते दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही, तपासता येत नाही, शिकविता येत नाही. सॅसॉल एकटे काम करतात आणि बर्जर यांना त्या एकटेपणात वैभव दिसते. जोसेफ कॉनराडच्या समुद्रकथांतील कप्तानाशी ते त्यांचे नाते जोडतात. वस्तुतः त्याच काळात वेगळ्या वाटा उपलब्ध होत्या. मायकेल बॅलिंट लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांच्या गटांसमवेत रुग्णांविषयी चर्चा करीत होते आणि त्या अनुभवावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९५७ मध्येच प्रसिद्ध झाला होता. रुग्णाचे दुःख ऐकणाऱ्या डॉक्टरालाही ऐकणारे कोणी हवे, ही जाणीव त्यामागे होती.

या दृष्टीने वेल्समधील ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावातील डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांच्या कार्याशी केलेली तुलना उद्बोधक ठरते. तेही गावाचेच डॉक्टर होते. मात्र त्यांनी दवाखान्यात येणाऱ्यांपुरते न थांबता गावातील प्रौढांचा रक्तदाब पद्धतशीर मोजला, नोंदी ठेवल्या आणि दवाखान्यालाच संशोधनाचे केंद्र बनविले. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, हा १९७१ मध्ये त्यांनी मांडलेला नियम याच अनुभवातून आलेला आहे. सॅसॉल यांची सहानुभूती कमी होती असे नव्हे. परंतु ती नोंदीत उतरली नाही, म्हणून तिची परंपरा झाली नाही.

ग्रंथातील मौन :
ग्रंथाची दुसरी मर्यादा त्यातील मौनात आहे. सॅसॉल यांच्या पत्नीला निवेदनात जवळजवळ स्थान नाही. डॉक्टरांचा एकाकी नायक रंगविताना त्यांच्या घराचा आधार अदृश्य झाला आहे. गावकऱ्यांना आपल्या भावना शब्दांत मांडण्याची साधने नाहीत, असे बर्जर सुचवितात. मात्र हे विधान तपासण्याची संधी ते गावकऱ्यांना देत नाहीत. डॉक्टरांना वारंवार येणाऱ्या नैराश्याच्या अवस्थांची दखल ते प्रामाणिकपणे घेतात, पण रुग्णांच्या वेदनेला सामोरे जाणाऱ्या संवेदनशील मनाची ती किंमत मानतात. पत्नीच्या निधनानंतर १९८२ मध्ये या डॉक्टरांनी आत्महत्या केली. या एका घटनेवरून कारणमीमांसा करणे अनुचित होईल. तथापि ग्रंथाच्या शीर्षकातील ‘भाग्यवान’ हा शब्द त्यानंतर पूर्वीसारखा वाचता येत नाही. प्रशिक्षणार्थींपुढे हा ग्रंथ केवळ आदर्श म्हणून ठेवल्यास त्यांना समर्पण शिकविले जाते, स्वतःला सावरणे नव्हे.

मराठी मुलखातील संदर्भ :
ज्ञान एका व्यक्तीपाशी राहावे की वाटले जावे, हा प्रश्न महाराष्ट्रालाही परिचित आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात डॉक्टरांइतकेच महत्त्व या स्त्रियांना आहे. बर्जर यांच्या ग्रंथात नेमकी हीच बाजू उणी आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये आणलेल्या कुटुंब दत्तक कार्यक्रमाकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. विद्यार्थ्याची वही सहीपुरती राहिली, तर त्या कुटुंबाविषयीचे ज्ञान विद्यार्थ्याबरोबरच महाविद्यालयाबाहेर जाईल. विभागाने ती पुढील तुकडीच्या हाती सोपविली, तर तेच संशोधनाचे पहिले पान ठरेल.

निष्कर्ष :
‘अ फॉर्च्युनेट मॅन’ हा ग्रंथ रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी देतो. ती दृष्टी टिकविण्याची व्यवस्था देत नाही. ती व्यवस्था म्हणजेच विद्यापीठीय विभाग होय : नोंद ठेवणे, ती तपासणे, ती पुढच्या पिढीला शिकविणे आणि हे सर्व करणाऱ्या डॉक्टराला एकटे न सोडणे. म्हणून या ग्रंथाला अभ्यासक्रमात स्थान असावे. मात्र त्याच्या शेजारी ट्यूडर हार्ट यांचे शोधनिबंध आणि आरोळे दांपत्याचा ग्रंथही असावा. भोंगा वाजवीत जाणारा डॉक्टर समाजाला हवाच आहे. तो थकल्यावर भोंगा थांबू नये, याची जबाबदारी मात्र विभागाची आहे.